आमचा रुमाल, त्यांची काच

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल किल्ल्यावर न जाता पुण्याला गेली. ती कल्पना माझीच होती. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते. मुले बत्तीस. काही भोर गावातली, काही हिरडस मावळातली, काही वेल्ह्याकडून येऊन इथे मामा-मावशीकडे राहणारी. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. पण माझे माहेर तिकडचे. माझ्या तोंडात वेल्हेच बसले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) सगळ्यांनी राजगड चार-चारदा पाहिलेला. म्हटले, किल्ले झाले, आता किल्ल्यांचे कागद पाहू या. एका दुर्मीळ ग्रंथांच्या संग्रहालयात हल्ली 'साहित्य सहल' निघते असे कळले होते. मी नाव नोंदवले.

चाळीस मिनिटांची सहल. माहिती सांगणारी मुलगी गोड होती, पाठांतर चोख होते. ही पोथी इतक्या शतकांची, ही शाई काजळाची, हा कागद हाताने बनवलेला, ही वेलबुट्टी पाहा, काचेला हात लावू नका, पुढे चला. शिळाप्रेसवर छापलेली एक पोथी दिसली तेव्हा आमच्यातला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "ही तर आमच्या आजीच्या पेटीत आहे!" त्यावर सगळे हसले. का हसले, ते मला अजून समजलेले नाही.

पुढच्या कपाटात मोडी कागद होता. कारीच्या बाजूची एक मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. तिने विचारले, "ताई, ह्यात काय लिहिलंय?" ताईने कागदाचा काळ सांगितला. मुलीने पुन्हा विचारले, "पण लिहिलंय काय?" ताईने कागद कोणत्या घराण्याकडून आला ते सांगितले. मुलगी हटेना. शेवटी ती ताई प्रामाणिकपणे म्हणाली, "मला मोडी येत नाही गं. तुला आवड असेल तर आमचा वाचनवर्ग आहे." आणि तिने एक गुळगुळीत पत्रक हातात दिले. वर्ग बारा संध्याकाळींचा. फी माझ्या महिन्याच्या मानधनाच्या निम्मी. सुटायची वेळ रात्री आठ. वेल्ह्याच्या वरच्या गावांची मुक्कामाची एस.टी. त्याआधी निघून गेलेली असते. हे पत्रक कोणासाठी छापले होते, हे त्यावर लिहिलेले नव्हते, पण मला वाचता आले.

त्या ताईवर माझा राग नाही. तिला नेमणाऱ्यांवर आहे. पुस्तक दाखवणे म्हणजे पुस्तक वाचणे, हा जो समज हल्ली पसरतो आहे, त्यावर आहे. आपल्याकडे देवाचे दर्शन घ्यायची सवय जुनी. रांगेत उभे राहावे, गाभाऱ्यापाशी क्षणभर थांबावे, मागच्याने ढकलले की पुढे व्हावे. देवाला ते चालत असेल. पोथीला नाही चालत. देव न वाचता पावतो. कागद वाचल्याशिवाय एक अक्षर देत नाही. मग सहलीत आम्ही काय पाहिले? शाईचा रंग पाहिला.

आता त्या कारीच्या बाजूच्या मुलीचा प्रश्न का डाचला, ते सांगते. भोरहून आंबवड्याला जावे, तिथला झुलता पूल पाहावा, तसेच रायरेश्वराच्या वाटेला लागावे, म्हणजे कारी गाव लागते. कान्होजी जेध्यांचे गाव. ह्या जेधे देशमुखांच्या घरात एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे काय, तर सालवार टिपणे. अमुक शकात अमुक घडले. दोन ओळी, पुढचे साल. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या ह्या नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती गेली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापून आली. तोवर शिवाजी महाराजांचे जन्मसाल बहुतेक ठिकाणी १६२७ धरले जात होते. कारीच्या कागदात निघाली शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे परमानंदाचे 'शिवभारत' तंजावरातून उजेडात आले, राजस्थानात जन्मकुंडली सापडली, आणि त्यांनीही तीच तिथी सांगितली. भांडणे पुष्कळ वर्षे चालली. अखेर शासनाने १९ फेब्रुवारी मान्य केली.

म्हणजे साऱ्या महाराष्ट्राला फेब्रुवारीत जी सुट्टी मिळते, तिची तारीख आमच्या तालुक्यातल्या एका घराच्या दप्तरातून निघालेली आहे. आणि त्याच मुलखातल्या मुलीला काचेपुढे उभे करून आपण सांगतो, हे फार जुने आहे बरं का, पुढे चला!

कोणी म्हणेल, बाई, शकावली टिळकांकडे गेली म्हणून वाचली. खरे आहे. मी त्याबद्दल भांडत नाही. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट केली, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या तुळईवरून रुमाल सोडवून आणले, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला काढली, १९१० साली मंडळ उभे केले, म्हणून आज काहीतरी आहे. नाहीतर काय होते ते मला पुरते ठाऊक आहे. ते मी आजवर कुठल्याही कादंबरीत लिहिले नाही. इथे लिहिते.

माझे माहेर तोरण्याच्या पायथ्याजवळ. घराकडे कधीकाळी गावची पाटीलकी होती. त्यातले शिल्लक म्हणजे एक पितळी घंगाळ आणि माळ्यावरचा तांबड्या फडक्यातला रुमाल. (शहरातल्या वाचकांसाठी सांगते, रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागदांचे गाठोडे बांधायचे चौकोनी फडके, आणि त्यावरून त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात.) मी तेव्हा अकरा वर्षांची. दिवाळीची साफसफाई निघाली, माळा झाडला, आणि आजी म्हणाली, "ह्याला कसर लागलीय, साऱ्या घरात पसरंल." कागद वाचता येणारे घरात कोणी उरले नव्हते. नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटवायचे काम माझ्याकडे. लाकडे ओली होती. आजीने रुमाल माझ्यापुढे सोडला आणि म्हणाली, "घे पोरी, हे लाव."

मी लावले. जाड कागद, लवकर पेट घेईना. एकेक बंद उलगडून मी त्याचा कोपरा निखाऱ्याला धरत होते. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, रेघेला लोंबणारी. मला वाटले वेलबुट्टीच आहे. पाणी छान तापले. सगळ्यांची अभ्यंगस्नाने झाली, चिरांटे फोडले, फटाके वाजले. फडके चांगले होते म्हणून आजीने ते धुऊन लोणच्याच्या बरणीला बांधले.

त्यात काय होते? बहुधा वसुलाचे हिशेब, एखादा करीना, बांधाची भांडणे. नसेलही काही मोठे. पण 'नसेलही' म्हणायचा अधिकार मला नाही, कारण ते मी वाचलेले नाही. कारीच्या शकावलीलाही वरून कोणी शिक्का मारलेला नव्हता, की ह्यात महाराजांची जन्मतिथी आहे, जपून ठेवा.

पुढे दहावी झाले, लग्न होऊन भोरला आले, शिक्षण तिथेच थांबले. तिशी ओलांडल्यावर शेजारच्या आळीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी मोडी शिकले. त्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू. संस्थानच्या वेळी ते शाळेत मोडी शिकलेले. फी अशी ठरली, की रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, कारण त्यांची दृष्टी अधू झाली होती. आधी रेघ मारायची, मग बोरू न उचलता तिच्यावर अक्षरे टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. नाना भिंग लावून माझी वही तपासत आणि म्हणत, "सूनबाई, डोळ्यांनी वाचू नका, अर्थानं वाचा. पुढं काय यायला हवं ते आधी मनात आणा, मग अक्षर ओळखू येतं." नाना गेले त्याला बरीच वर्षे झाली. तारखेमागचा 'छ' म्हणजे चंद्र, हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवशी रात्री मला बंब आठवला आणि मी झोपले नाही.

एका अडाणी मुलखात एका दहावी झालेल्या बाईला फुकट जमले, ते बारा संध्याकाळी आणि निम्मे मानधन लावून का विकायचे? उत्तर मला ठाऊक आहे: संग्रहालयालाही खर्च असतो, वाळवीचे औषध, विजेचे बिल, नोकरांचे पगार. मान्य. फी घ्या. ज्यांना परवडते त्यांच्याकडून दुप्पट घ्या. पण ज्या मुलखाने कागद दिले, त्याच्याकडून तरी प्रवेशमूल्य मागू नका.

आणखी एक. 'अडाणी मुलूख' असे मी वर लिहून गेले, ते परत घेते. वाचनवर्ग ही शहराने काढलेली गोष्ट नव्हे. आमच्याकडे श्रावणात पोथी लावत. अजून काही घरी लावतात. श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप'. चौरंगावर पोथी, समोर समई. एकाने ओवी म्हणायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. बायका वाती वळता वळता ऐकत. मधेच कोणी म्हातारी अडवायची, "थांब रं, कर्णानं असं का केलं?" आणि मग पोथी अर्धा तास बाजूला राहायची. गावातला अर्धा माणूसवर्ग निरक्षर, तरी महिनाभरात एक मोठा ग्रंथ सगळ्यांच्या डोक्यातून जायचा. समाप्तीला प्रसाद. फी म्हणजे समईचे तेल, तेही ज्याच्या घरी पोथी त्याचे. ह्यात कोठे काच होती? पोथीला वेष्टन होते, तिला पाय लावायचा नाही असा दंडक होता, आणि तेवढ्यावर त्या शिळाप्रेसच्या पोथ्या तीन-तीन पिढ्या टिकल्या. हुंकाराला आता शहरात 'संवाद' म्हणतात.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहते. हा लेख लिहिते आहे असे कळल्यावर तिने तिथल्या रोझेनबाख संग्रहालयाची हकीकत लिहून पाठवली. दोघे भाऊ, दुर्मीळ ग्रंथांचे व्यापारी. त्यांच्याच घरात १९५४ साली संग्रहालय झाले. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चे हस्तलिखित तिथे आहे. त्यांतल्या एका भावाने ते १९२४ साली लिलावात घेतले. तिथेही सहली आहेत, तिथेही वाचनवर्ग आहेत, फीही आहे. पण वर्गात पुस्तक आठवडे-आठवडे बसून वाचतात. काही सहलींत कपाटातली वस्तू थोड्या माणसांपुढे टेबलावर काढून ठेवतात. आणि दरवर्षी १६ जूनला, म्हणजे त्या कादंबरीतली गोष्ट ज्या दिवशी घडते त्या दिवशी, संग्रहालयासमोरच्या रस्त्यात लोक ती मोठ्याने वाचतात. येणारा-जाणारा कोणीही उभा राहून ऐकतो. बहीण म्हणते, ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती कादंबरी समजत नाही. न समजू दे. रस्त्यात वाचली तर जाते! अमेरिकेचे सगळेच आणावे असे मी म्हणत नाही. पण श्रावणातली पोथी डॉलरात मोजून घेण्याइतकी त्यांना कळली, आणि आपल्याला आपलीच पोथी काचेत ठेवावीशी वाटली, ह्याची गंमत वाटते.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते माझ्या तोंडावर घेतले गेले आहेत. एक ग्रंथप्रेमी गृहस्थ म्हणाले, "बाई, खेड्यातल्या पोरांच्या हातात तीनशे वर्षांचा कागद द्यायचा? तेलकट हात, शेंगदाण्याची टरफले!" अहो, मूळ कागद मागतो कोण? आजकाल हातातल्या फोनने छायाचित्र निघते. एका कागदाची चांगली प्रत काढून शाळेला पाठवायला काय लागते? मूळ तुमच्या कपाटात सुखरूप राहू दे. आम्हाला त्यातली अक्षरे हवी आहेत.

आणि कुलुपाचे म्हणाल, तर कुलुपाने ग्रंथ वाचतात ह्यावरचा माझा विश्वास ५ जानेवारी २००४ रोजी उडाला. भांडारकर संस्थेत त्या दिवशी जमाव घुसला, कपाटे पडली, पोथ्या पायदळी गेल्या. १९१७ साली स्थापन झालेली ती संस्था. तिथे महाभारताच्या हजाराहून अधिक पोथ्या अक्षर-अक्षर ताडून पाहण्याचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले; वाचनवर्ग म्हणायचा तर तो. जमावातल्या किती जणांनी त्यातली एखादी पोथी कधी वाचताना पाहिली होती? मला वाटते, एकानेही नाही. ज्या घरात आपल्याला कधी बसवले नाही, तिथली भांडी फुटली तर हात कापत नाही. त्या कृत्याची बाजू मी घेत नाही. ते निंद्यच. पण आमच्या पोरांना बसवून घ्या, एवढे मी त्याच दिवसाच्या आधाराने म्हणते.

दुसरा आक्षेप म्हणजे, "मोडीचा आता उपयोग काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी २०२३ साल आठवावे. कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर निघाले आणि जो तो मोडी वाचणारा शोधत सुटला. माझ्या दारात त्या वर्षी माणसे पिशव्या घेऊन उभी राहिली. शाळेतून आल्यावर रात्री अकरापर्यंत मी कागद वाचून देत असे. जन्म-मृत्यूचे, जमिनीचे, कर्जाचे. कुणाला हवे ते सापडले, कुणाला नाही. पण एका म्हाताऱ्याला आपल्या पणजीचे नाव पहिल्यांदा कळले. तो ते नाव पुटपुटत पायऱ्या उतरला. उपयोग विचारणाऱ्यांना हा उपयोग चालेल का?

तेव्हा माझे म्हणणे असे. संग्रहालयांनी सहली जरूर काढाव्यात, पण उलट्या दिशेने. पुण्याची माणसे कारीला आणा. जिथला कागद, तिथे नेऊन तो वाचा. रायरेश्वराच्या वाटेवर बसून शकावलीतल्या चार नोंदी मोठ्याने म्हणा. समोर डोंगर असला की दोन ओळींची नोंदही कशी उभी राहते, ते पाहा. आणि वाचनवर्ग भोरला आणि वेल्ह्याला भरवा. जागा आहे. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये तालुक्या-तालुक्याला आहेत, त्यांत संध्याकाळी दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचतात आणि ग्रंथपाल तुटपुंज्या पगारात पंख्याखाली डुलक्या घेतो. महिन्यातून एक वाचणारा माणूस एस.टी.ने पाठवा. त्याच्या जेवणाची सोय आमच्या घरी. नुसती माहिती सांगणारा नको. वाचणारा हवा.

घाई का करते, तेही सांगते. आमचा मुलूख धरणांचा. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. दर धरणाने गावे उठवली. घर उठते तेव्हा माणूस भांडी घेतो, देव घेतो, दाराची चौकट घेतो. माळ्यावरचा रुमाल घेतो का? आणि जी घरे उठली नाहीत, तिथे जुना वाडा पाडून सिमेंटचे घर बांधणे चालू आहे. पुण्याच्या कपाटातल्या कागदांना आणखी शंभर वर्षे काही होणार नाही. माळ्यावरच्यांना ह्याच दिवाळीला होईल.

संग्रहालयाला मी पत्र लिहिले होते. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" असे उत्तर आले. नोंद घेतली, म्हणजे तीही आता जुनी होईपर्यंत कपाटात राहील.

म्हणून ह्या जूनपासून आमच्या शाळेत शनिवारी दुपारी माझा मोडीचा वर्ग चालतो. मुले सात. फी नाही. कागद म्हणजे माझ्याकडच्या झेरॉक्स प्रती, त्यातल्या काही नानांच्या. ती काचेला नाक लावणारी मुलगी पहिल्या रांगेत बसते आणि माझ्या चुका काढते. गणपती झाल्यावर मी सातही जणांना सांगितले, की घरोघर जा, माळे झाडायला निघाले की आधी मला हाक मारा, कसर लागलेले असेल तरी आणा, लोणच्याच्या बरणीवरचे फडके असेल तरी विचारा, ह्यात पूर्वी काय होते.

आजवर दोन रुमाल आले आहेत. एकात सावकाराच्या पावत्या निघाल्या, सगळ्या एकाच माणसाच्या, सगळ्या व्याजाच्या. दुसरा वेल्ह्याकडून आला आहे. गाठ इतकी घट्ट, की कापावी लागेल. मुलांनी सांगितले आहे, बाई, आम्ही सगळे असल्याशिवाय सोडायचा नाही. शनिवारी सोडू.